टूलला मराठीत काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो: ‘टूल’ला मराठीत काय म्हणता? अवजार, हत्यार, साधन की उपकरण? विचारणाऱ्याला एकच शब्द हवा असतो. पूर्वी मीही एकच सांगायचो, अवजार.

मग एका लेथच्या, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्राच्या, पुस्तिकेत सूचना आली, की सफाईआधी टूल काढून घ्या. मी ‘अवजार काढून घ्या’ असं लिहिलं. यंत्र चालवणाऱ्याने ते वाचून शेजारी पडलेला पाना उचलला आणि बाजूला ठेवला. टूल होतं तिथेच राहिलं. पुसताना त्याच्या मनगटाला ते लागलं. जखम खोल नव्हती, पण शब्द माझा होता. लेथवर टूल म्हणजे टूल पोस्टमध्ये, म्हणजे टूल धरून ठेवणाऱ्या भागात, आवळून बसवलेला, बोटाएवढा चौकोनी पोलादी तुकडा. त्याचं टोक घासून धार काढलेली असते, आणि फिरणाऱ्या धातूची साल तेच सोलतं. कारखान्यात त्याला सगळे टूलच म्हणतात. अवजार म्हटलं की पाना, पक्कड, हातोडी हेच डोळ्यांपुढे येतं.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो. जुन्या इंग्रजीत तो ‘टोल’ असा होता. त्याचं नातं तयार करणं, सज्ज करणं या अर्थाच्या मूळ क्रियापदाशी आहे. त्याच घरातला ‘टॉ’ हा शब्द इंग्रजीत अजून जिवंत आहे. कातडं तुरटी आणि मीठ लावून पांढरं, मऊ कमावणं, असा त्याचा अर्थ. आणि टूलच्या शेवटी जो ‘ल’ आहे, तो क्रियेवरून वस्तूचं नाव करणारा प्रत्यय. ढकलणं या अर्थाच्या ‘शव्ह’पासून ‘शव्हल’ म्हणजे फावडं, तसं. आपल्याकडे हे काम ‘णी’ आणि ‘णं’ करतात: चाळणेवरून चाळणी, कोरणेवरून कोरणी, उलथणेवरून उलथणं. म्हणजे टूल हा शब्द चाळणीच्याच जातीचा. फक्त चाळणी एकच काम सांगते आणि टूल कोणतंही काम चालवून घेतो. ज्याने काही तयार होतं, ते टूल. एवढ्या मोकळ्या अर्थामुळेच तो लेथपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत कुठेही बसतो.

कातड्याचा धागा पुढेही येतो. पुस्तकबांधणीत तापवलेला पितळी ठसा सोन्याच्या वर्खावरून कातडी बांधणीवर दाबतात. वर्ख ठशाखाली चिकटतो, बाकीचा पुसून टाकतात आणि नक्षी उरते. या कामाला ‘टूलिंग’ म्हणतात. इथे ‘अवजारकाम’ लिहिलं तर वाचकाला काहीच कळणार नाही. ‘ठसेकाम’ म्हटलं की कळतं.

‘हत्यार’ अनेकजण नाकारतात, कारण त्यांना त्यात हत्या ऐकू येते. पण प्राकृतात तो ‘हत्थियार’ आहे, आणि ‘हत्थ’ म्हणजे हात. सुतार आपल्या रंध्याला, पटाशीला हत्यारंच म्हणतो, आणि तो बरोबर आहे. गंमत म्हणजे टूलचंही असंच झालंय. 14व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ‘सर गावेन अँड द ग्रीन नाइट’ या इंग्रजी काव्यात हिरव्या सरदाराच्या कुऱ्हाडीलाही टूल म्हटलंय. लाकूड तोडणारी कुऱ्हाड मान तोडायला उचलली, तरी शब्द तोच. पुढे 17व्या शतकात दुसऱ्याच्या हातून वापरल्या जाणाऱ्या माणसालाही इंग्रजीत टूल म्हणू लागले. त्यासाठी मराठीत ‘हस्तक’ आहे, आणि त्यातही हात आहेच! मला हा जुळलेला धागा फार आवडतो.

अवजार अरबीतून फारसीमार्गे आलं. मूळ ‘औजार’ हे अनेकवचन, त्याचं एकवचन ‘विज्र’, म्हणजे ओझं. कामाला निघताना खांद्यावर घेतलेलं ओझं असं मी ते समजतो. इंग्रजीतलं ‘इम्प्लिमेंट’ही थोडं असंच. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘भरून काढणं’ आहे, म्हणजे घर किंवा शेत पुरं करणारं सामान. शेतीच्या पुस्तिकेत मी त्याला बेधडक अवजार लिहितो.

साधन आणि उपकरण या शब्दांपाशी मात्र मला संस्कृत व्याकरणकार पाणिनी आठवतो. ‘साधकतमं करणम्’, असं त्याचं सूत्र आहे. काम साधायला जे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, ते करण. मराठीत ‘ने’ लावून ते लगेच दिसतं. पटाशीने कोरलं, सुईने शिवलं. म्हणून अनुवाद करताना मी आधी वाक्य ‘ने’ लावून म्हणून बघतो: कशाने काय झालं? त्या लेथवर धातू पान्याने कापला जात नाही, टूलने कापला जातो. पाना फक्त आवळतो.

त्या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ती सूचना अशी छापली आहे: ‘सफाईआधी टूल पोस्टमधलं धारेचं टूल पान्याने सैल करून काढा. मग पाना जागेवर ठेवा.’