आमची वाटचाल : जुनी गाडी तपासून देण्याचं काम

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम सुरू केलं तेव्हा हत्यारं तीनच होती: चुंबक, टॉर्च आणि कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर. पत्र्यावर चुंबक ढिला बसला की खाली पुट्टी आहे असं धरायचं. पण पातळ पुट्टीवर चुंबक चिकटतोच, म्हणून पुढं रंगाची जाडी मोजणारं मीटर घेतलं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. २०० च्या वर आकडा गेला की पुन्हा रंगवलेलं, ५०० च्या पुढं खाली पुट्टी. नुसता दरवाजा रंगवलेला असेल तर आम्ही त्याचा बाऊ करत नाही. पेठांच्या बोळांत गाडी घासायचीच. पण पिलर (छत पेलणारे खांब), अ‍ॅप्रन (इंजिनाच्या दोन बाजूंचा आतला पत्रा) किंवा डिकीच्या तळाला आकडा वाढला, कंपनीत पत्रे जोडताना पडलेले स्पॉट वेल्डचे गोल खळगे बुजलेले दिसले, तर गाडी जोरात ठोकलेली आहे. प्लास्टिकच्या बंपरवर मीटर चालत नाही, तिथं क्लिपा आणि फटी बघायच्या.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आमची तपासणीची यादीच बदलली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट; पाणी त्याच्या कितीतरी वर चढलं आणि सखल भागात काही दिवस उतरलंच नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पुरात बसलेली गाडी धुऊन-पॉलिश करून शोरूमसारखी दिसते, म्हणून आता सुरुवात आतून करतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा; रिळाजवळच्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते, तिथं कुणी घासत नाही. मग सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, पायाखालच्या कार्पेटखालचा फोम. आठ वर्षांच्या गाडीत कोरं कार्पेट आणि परफ्यूमचा घमघमाट असेल तर आमचा संशय वाढतो. मधल्या कन्सोलखाली एअरबॅगचं मॉड्यूल असतं, त्याच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर आहे का ते बघायचं. पाणी वायरच्या आवरणातून आत झिरपतं आणि तांबं सावकाश खातं, त्यामुळं बिघाड कित्येक महिन्यांनी उगवतो.

पाण्यात इंजिन चालू केलं असेल तर पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. मग तिथला पिस्टन पूर्ण वर येत नाही, म्हणून त्याच एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी भरतं. १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर आम्ही पुढं थांबून विचार करतो.

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. ‘एकही कोड नाही’ ही चांगली बातमी असेलच असं नाही. विकण्याआधी कोड पुसतात. म्हणून कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा आणि रेडिनेस मॉनिटर आधी वाचतो; मॉनिटर म्हणजे गाडी स्वतःच्या घेते त्या चाचण्या, कोड पुसले की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. वीस किलोमीटर आणि निम्मे मॉनिटर अपुरे, तर काहीतरी लपवलंय.

गाडी थंड असतानाच बघायची. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर आम्ही दुसऱ्या दिवशी येतो. स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि कूलंटचा गोड वास आला तर इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट गेलेलं. मग पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबिळाचा चढ. वरच्या गिअरला अॅक्सिलेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपलेली. चढात तापमानाचा काटा, उतरल्यावर चारही चाकांची उष्णता. एकच चाक जास्त तापलं तर तिथला ब्रेक अडकतोय. टायरवरच्या चार अंकांत २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला.

कागद शेवटी बघत होतो, आता टोकन देण्याआधी बघतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. चेसिस नंबर वरचा मळ काढून गाडीवरच वाचायचा, फोटोवर भागवायचं नाही. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करावा लागतो. तो राहिला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.