४८ पैकी फक्त ६ ओळी: क्रिओच्या ड्रॉइंगवर अडलेले माझे अडीच दिवस

मरोळला आमचं छोटं डिझाइन ऑफिस आहे. काम मुख्यतः पाइपाच्या फ्लँजांचं, म्हणजे पाइप जोडायच्या भोकं पाडलेल्या चकत्यांचं, आणि ते आम्ही क्रिओ या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. एकच मॉडेल आणि त्याच्या फॅमिली टेबलात, म्हणजे एकाच भागाच्या वेगवेगळ्या मापांच्या यादीत, ४८ इन्स्टन्स (प्रकार), निम्मे एमएस (साधं पोलाद), निम्मे एसएस (स्टेनलेस स्टील). गिऱ्हाइकाला ड्रॉइंगवर एसएसचे ६ साइझ हवे होते. बाकीचे दिसता कामा नयेत, असं त्यांनी मेलवर स्पष्ट कळवलं होतं.

टेबल ड्रॉइंगवर आणायला अर्धा तास लागला. रिपीट रीजन (मॉडेलमधून आपोआप ओळी भरणारा टेबलाचा भाग) टाकलं, इन्स्टन्सचं नाव, पॅरामीटरचं नाव आणि व्हॅल्यू आपापल्या घरात बसवली, ४८ ओळी उतरल्या. त्यातल्या ४२ घालवायला अडीच दिवस गेले आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

ऑफिसात सगळ्यांचं एकच, "सहा ओळी हाताने टाइप कर आणि मोकळा हो." ते मी करणार नव्हतो. मागे एकदा असंच हाताने केलेलं टेबल वर्कशॉपवर गेलं. पीएन १६ या दाबाच्या वर्गातल्या ५० साइझचा पीसीडी (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १२५ मिमी असतो, तिथे खालच्या ६५ च्या ओळीतला १४५ पडला होता. भोकं पाडून झाल्यावर कळलं. तेव्हापासून मॉडेलमधून न आलेला आकडा मी टेबलात ठेवत नाही.

तर नको त्या ओळी लपवणाऱ्या फिल्टर्समध्ये 'बाय रूल' उघडून नियम लिहिला. मला रिपीट रीजनची रिलेशन (सूत्रं) लिहायची सवय. तिथे फॅम, इन्स्ट, नेम या शब्दांच्या मधे अंडरस्कोर येतो, म्हणून इथेही तोच दिला. एक ओळ गळेल तर शपथ. नावाला अवतरण चिन्हं लावली, काढली. टेबल पुसून नव्याने केलं, दोनदा.

मग सपोर्टला तिकीट टाकलं. पहिल्या दिवशी उत्तर आलं, व्हर्जन कळवा. कळवलं. दुसऱ्या दिवशी, लायसन्स फाइल पाठवा. टेबल उघडतंय, ओळी दिसतायत, लायसन्सचा इथे संबंध काय? फोन केला तर पलीकडून मलाच माझा तिकीट नंबर वाचून दाखवला. माझा प्रश्न एका ओळीचा होता. लिहिलेला नियमही मी सोबत जोडला होता. ज्याला फिल्टर माहीत आहे त्याला त्यातली चूक बघताक्षणी दिसली असती. तो नियम कोणी उघडून पाहिलाच नाही, असं मला आजही वाटतं.

त्या रात्री घाटकोपरला मेट्रोतून उतरलो आणि पुलावरच थांबून आमच्या निवृत्त ड्राफ्ट्समन काकांना फोन लावला. क्रिओला ते अजून प्रो-ई या जुन्या नावानेच ओळखतात. माझं पुरतं ऐकूनही न घेता म्हणाले, "अरे, फिल्टर म्हणजे रिलेशन नव्हे. पुढे अँडचं चिन्ह लाव आणि मधे डॉट दे."

सकाळी तसं लिहिलं: &फॅम.इन्स्ट.नेम, दोन बरोबरची चिन्हं, मग इन्स्टन्सचं नाव. एक ओळ उरली! आनंदाच्या भरात बाकीची पाच नावं पाच वेगळ्या नियमांत लिहिली आणि टेबल रिकामं झालं. वेगवेगळ्या ओळींतले नियम सगळे एकदम पाळले जावे लागतात, आणि एका इन्स्टन्सला सहा नावं कुठून असणार? सहाही नावं एकाच ओळीत स्वल्पविराम देऊन लिहायची. मग 'अपडेट टेबल्स'. सहा ओळी आल्या. मी खुर्चीतून उठून बाहेर जाऊन चहा घेतला.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: फिल्टर लिहिण्यापूर्वी मेन्यू मॅनेजरमधलं 'स्विच सिम्स' दाबा. आकड्यांच्या जागी सिम्बॉल दिसतात, त्यातलं नाव अक्षर न अक्षर बघून लिहा. मेनूतली नावं नवीन व्हर्जनमध्ये थोडी इकडेतिकडे असतील. आणि घाबरू नका, फिल्टरने ओळी फक्त ड्रॉइंगवर लपतात, मॉडेलमधले ४८ इन्स्टन्स जागच्या जागी राहतात.

डायमेन्शनची नावं डी७, डी१२ अशी ठेवलीत तर टेबलाच्या डोक्यावर तीच येतील. मॉडेलमध्येच ती बदलून पीसीडी वगैरे करून घ्या.

इन्स्टन्सना नावं देताना मटेरियल नावातच घाला. गिऱ्हाइकाने सगळे एसएस मागितले असते तर सहा नावं लिहायचीही गरज नव्हती, एसएसच्या आगेमागे स्टार लावून एका नियमात काम झालं असतं. पुढच्या फॅमिलीला मी तशीच नावं दिली आहेत.