गोपाळ: दुसऱ्या मुलाचं नाव ठेवताना

थोरल्याच्या वेळी आम्हाला नाव शोधावंच लागलं नव्हतं. घराण्याचं दैवत जेजुरीचं, त्यामुळे मुलगा झाला तर मल्हार, हे आजेसासूबाईंनी माझ्या डोहाळजेवणातच सांगून टाकलं होतं. धाकटा झाला तेव्हा त्या नव्हत्या. मार्गशीर्षात बाळ झालं, आणि दवाखान्यातून घरी निघताना काउंटरवरच्या बाईंनी नाव विचारलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. रकाना कोराच राहिला.

ज्यांना त्या वेळी घाई वाटते त्यांच्यासाठी सांगते: जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण नाव त्याच वेळी द्यायला हवं असं नाही. नाव न घालताही नोंद होते, आणि नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव घातलं तर विलंब शुल्क लागत नाही. हे कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. बारसं सव्वा महिन्यानंतर करायचं ठरलं, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात रोज रात्री जेवणं झाली की नावांची वही उघडायला लागली.

नाव जुनंच हवं, हे माझ्या मनात पक्कं होतं. मल्हारच्या वर्गात एकसारख्या आवाजाची इतकी मुलं आहेत की बाईंना आडनावानं हाक मारावी लागते. मला असं नाव हवं होतं जे माझ्या पणजोबांनी ऐकलं असतं तर त्यांनी ‘कुणाचा रे तू?’ एवढंच विचारलं असतं, ‘म्हणजे काय?’ असं विचारलं नसतं.

भटजींनी पत्रिका केली. रोहिणी नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर वी. रोहिणी म्हणजे कृष्णाचं नक्षत्र, याचा मला फार आनंद झाला. विनायक, विठ्ठल, विश्वनाथ अशी नावं वहीत आली. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विनायकवर बोट ठेवलं. गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं, घोष वर्णानं सुरू होणारं आणि मध्ये य, र, ल, व यांतलं एखादं अक्षर असलेलं असावं असं सांगितलं आहे, आणि विनायक त्यात तंतोतंत बसतं, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. नावरस नाव विनायक ठेवायचं तिथंच ठरलं. पण हाक मारायचं नाव ते नव्हे, असं मला वाटत होतं. कारण सांगता येत नव्हतं.

सगळ्यांच्या तोंडी सर्वांत आधी आलेलं नाव खंडेराव होतं. मल्हारला जोड म्हणून. दोन्ही नावं एकाच देवाची, आणि आमच्या शहरात तर खंडेराव मार्केटची इमारत रोज डोळ्यांसमोर. पण माझं माहेर इंदूरचं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, खंडेराव हा मल्हारराव होळकरांचा मुलगा, अहिल्याबाईंचा नवरा. कुंभेरीच्या वेढ्यात गेला. भावाभावांना बाप-लेकाची नावं कशी देशील?’ हे मी बाबांना सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी बडोद्याची गोष्ट सांगितली. इथल्या गायकवाड राजघराण्यात खंडेराव आणि मल्हारराव हे सख्खे भाऊच होते. थोरल्या खंडेरावांनी आपल्याविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून धाकट्या मल्हाररावांना पादऱ्याला कैदेत टाकलं होतं. १८७० मध्ये खंडेराव गेले, मग मल्हारराव गादीवर आले आणि १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. ‘एका देवाची नावं ठेवून काय साधलं?’ एवढंच बाबा म्हणाले. खंडेरावावर मी रेघ मारली. जोडीसाठी म्हणून नाव शोधायचं नाही, हेही त्याच रात्री ठरवलं. धाकट्याचं नाव उच्चारलं की थोरल्याचं आठवलंच पाहिजे, हे मला धाकट्यावर अन्याय करणारं वाटतं.

मग मुकुंद, माधव, मोरेश्वर. तिन्ही मला आवडली होती. पण तिन्ही म ची. वडिलांचं नाव आणि आडनाव एकच, वर आद्याक्षरही एकच झालं तर पुढे काय होतं याची गुजरातेतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट शेजारच्या काकांनी सांगितली. सरदार वल्लभभाईंनी इंग्लंडला बॅरिस्टर व्हायला जायची सगळी तयारी केली होती. कागदपत्रं आली ती व्ही. जे. पटेल या नावानं. थोरले विठ्ठलभाईही व्ही. जे. पटेलच. ते म्हणाले, मी मोठा, आधी मला जाऊ दे. वल्लभभाईंनी जाऊ दिलं आणि स्वतः १९१० मध्ये गेले. भावासाठी मागे थांबण्यात त्यांचं मोठेपण आहे, आणि मला ती गोष्ट आवडतेही. पण माझ्या मुलांच्या बाबतीत टपालावरून हा प्रश्न उभा राहू नये असं वाटलं.

कागदांची भीती मला आधीपासूनच होती. मल्हारच्या पहिल्या दाखल्यावर जोडाक्षर सुटून ‘मलहार’ पडलं होतं, आणि ती एक चूक दुरुस्त करायला आम्हाला प्रतिज्ञापत्र करून पाच वेळा खेटे घालावे लागले, तेही मल्हारला कडेवर घेऊन. म्हणून या वेळी जोडाक्षर नको असं मी म्हटलं. ज्ञानेश याच कारणानं गेलं, आणि दुसरंही कारण होतं: आपण द्न्य म्हणतो तिथे गुजराती माणूस ग्न म्हणतो. घरात एक नाव आणि शाळेत दुसरं, असं झालं असतं.

बाबांची नाव पारखायची एक पद्धत आहे. कागदावर बघून ते काही ठरवत नाहीत, हाक मारून बघतात. आमच्या घराला मधे चौक आहे आणि वर लाकडी गॅलरी. रोज संध्याकाळी ते गॅलरीत उभे राहायचे आणि चौकात खेळणाऱ्या मल्हारला हाक मारायचे, लगेच पाठोपाठ वहीतलं एक नाव. ‘मल्हार! केशव!’ ‘मल्हार! दामोदर!’ दामोदर हाकेत तुटायचं, शेवटचं र ऐकूच यायचं नाही. वासुदेवचं दुसऱ्या हाकेला वासू होऊन जायचं. मी खोलीत बाळाला पाजत बसलेली असायचे आणि दाराआडून ऐकायचे. एका संध्याकाळी त्यांनी ‘मल्हार! गोपाळ!’ अशी हाक दिली आणि चौकातून मल्हारचा आवाज आला, ‘आजोबा, काला केलाय?’

श्रावणात आम्ही गोपाळकाला करतो. पोहे, लाह्या, दही, काकडी, लोणच्याचा खार. त्याला तो इतका आवडतो की वाटी चाटून पुसतो. त्याच्यासाठी गोपाळ म्हणजे तो. मी बाळाकडे बघितलं. रोहिणीचं मूल. नाव दुसरीकडे शोधत राहिलो आणि ते आमच्याच स्वयंपाकघरात होतं.

बाबांना तर फारच आवडलं, त्यांच्या कारणांसाठी. गोपाळ गणेश आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले, गोपाळ हरी देशमुख, अशी नावं ते म्हणत राहिले. आणि मग आमचे बडोद्याचे गोपाळराव: नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, तीन भावांमधले मधले. थोरला आनंदराव, धाकटा संपतराव. १८७५ मध्ये खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाईंनी बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतलं आणि त्याचे सयाजीराव झाले. काळ्या घोड्याच्या चौकातल्या पुतळ्यातल्या त्या स्वाराचं आईनं ठेवलेलं नाव गोपाळ.

इथेच एका नातेवाइकांनी दुखावलं. जेवायला आले होते. नाव ऐकून म्हणाले, ‘मल्हाररावाला उतरवून गोपाळराव बसला, हे बडोद्यात सगळ्यांना माहीत आहे. भावाभावांना हीच नावं?’ मी ताटावरून उठले नाही एवढंच. दोन दिवस मला झोप लागली नाही. खंडेरावाला मीच इतिहासावरून नको म्हटलं होतं, मग आता इतिहास बाजूला कसा ठेवू? मल्हारला शाळेत सोडून काळ्या घोड्यावरून परत येताना रोज तोच विचार.

नणंदबाई नाशिकहून आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे सगळं मांडलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, त्यांचा शब्द शेवटचा असणार होता. त्यांनी वही हातात घेतली, पण उघडली नाही. मल्हारला जवळ बोलावलं आणि विचारलं, ‘बाळाला तू काय म्हणतोस रे?’ तो म्हणाला, ‘गोपाळ. त्याला नाव आहे ना आता.’ तीन आठवडे तो तेच म्हणत होता. झोळीजवळ उभा राहून, हळू आवाजात, बाळ जागं होऊ नये म्हणून. मला ऐकूही आलं नव्हतं, त्यांना एका दुपारीत ऐकू आलं. ‘आपला मल्हार जेजुरीचा आहे, राजवाड्यातला नाही,’ असं त्या दुपारीच त्या नातेवाइकांना फोन करून सांगून मोकळ्या झाल्या.

बारशाला पाळणा माळ्यावरून काढला. वरवंट्याला कुंची घालून तो आधी पाळण्यात घातला, आणि ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ सुरू झालं तेव्हा मल्हार मध्येच ओरडला, ‘गोविंद नाही, गोपाळच!’ आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि कुर्र केलं, पाठीत थापट्या बसल्या. घुगऱ्या वाटून झाल्यावर समोरच्या गुजराती भाभींनी विचारलं, आता आमच्या पद्धतीनं करू का? त्यांनी ओढणीची झोळी केली, चार मुलांनी चार टोकं धरली, मल्हार त्यांतला एक. ‘ओळी झोळी पीपळ पान, फोईए पाड्युं गोपाळ नाम.’ नावातला ळ त्यांच्या तोंडात जसाच्या तसा राहिला. हिंदीत तो नाही, पण गुजरातीत आहे. मी ते ओठ बघत होते आणि माझे डोळे भरून आले.

पुढच्या आठवड्यात नाव घालायला गेलो. मल्हारला सोबत नेलं, कारण तो घरी थांबायला तयार नव्हता. दाखल्यावर नाव गुजराती आणि इंग्रजी दोन्हींत असतं. शिक्का बसण्याआधी वाचून बघा म्हणून कागद आमच्याकडे आला. मल्हार पहिलीत आहे, शाळेत गुजराती अक्षरं नुकतीच झाली आहेत. त्यानं बोट ठेवलं. गो. पा. तिसऱ्या अक्षरापाशी तो थांबला, कारण गुजराती ळ आपल्या ळसारखा दिसत नाही. मग म्हणाला, ‘ळ. बरोबर आहे.’