याकोबाला रात्रभर कळलं कसं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मालिका लिहिते. बायबलमधली याकोब-राहेलची गोष्ट टीव्हीसाठी बांधतेय म्हटलं की निर्माता असो की चर्चमधले काका, हाच प्रश्न येतो. ज्या राहेलसाठी सात वर्षं तिच्या बापाची, म्हणजे आपल्या मामा लाबानाची, मेंढरं राखली, लग्नाच्या रात्री तिच्या जागी तिची थोरली बहीण लेआ आहे हे या गड्याला सकाळपर्यंत समजू नये?

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात, याचं उत्तर नाही. लाबानाने मेजवानी दिली, रात्री लेआला त्याच्याकडे नेऊन पोचवलं, आणि सकाळी पाहतो तर लेआ! बस्स. अंधार, चेहऱ्यावरची ओढणी, मेजवानीतली दारू हे वाचणारा आपल्या पदरचं घालतो. कॅमेऱ्याचं तेवढ्यावर भागत नाही. प्रेक्षकाने आठवडेच्या आठवडे दोघी नट्यांना पाहिलेलं असतं. ओढणी कितीही ओढली तरी चालीवरून तो ओळखतोच.

म्हणून धक्का ठेवायचाच नाही, असं मी ठरवलं. प्रेक्षकाला आधीच सांगून टाकायचं आणि ती रात्र लेआची म्हणून दाखवायची.

यहुदी परंपरेने ही फट फार पूर्वीच हेरली होती. तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, म्हटलंय की मामा फसवणार हे ओळखून याकोब आणि राहेलने आपसात खुणा ठरवल्या होत्या. ऐन वेळी बहिणीची शोभा होईल म्हणून राहेलने त्या लेआला सांगून टाकल्या. एका मिद्राशात, म्हणजे बायबलवरच्या जुन्या यहुदी कथा-भाष्यात, तर राहेल पलंगाखाली लपून लेआऐवजी आवाज देते. (हे मी घेणार नाही. फार्स होईल.) सकाळचा संवाद मात्र सोडवत नाही. याकोब चिडतो, रात्रभर मी ‘राहेल’ म्हणत होतो आणि तू ओ देत होतीस! लेआ म्हणते, तुझा बाप ‘एसाव’ म्हणत होता तेव्हा तूही ओ दिलीसच की. आंधळ्या बापापुढे, इसहाकापुढे, हाताला करडाचं कातडं बांधून एसाव बनून त्या थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटणारा हाच याकोब. तो भाग आधी दाखवला की मग काही समजावत बसावं लागत नाही.

काका म्हणतात, हे बायबलमध्ये नाही. खरंच नाही. तशी पाटी सुरुवातीला टाकू.

लाबानाची सबब, थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत, आपल्या घरांतून कुणाला समजावावी लागणार नाही. एक घोळ तेवढा सगळे करतात: राहेलसाठी याकोब आणखी सात वर्षं थांबला नाही. लेआच्या लग्नाचा आठवडा संपला आणि राहेलशीही लग्न लागलं, राबणं नंतरचं.

ब्राझीलच्या रेकॉर्ड वाहिनीने २०२१च्या ‘जेनेसिस’मध्ये याकोबाला स्वतंत्र टप्पा दिला. तशी ऐसपैस जागा मिळाली तर मी ती ३०व्या अध्यायासाठी राखेन. गव्हाच्या कापणीत लेआचा मुलगा रऊबेन रानातून फळं आणतो, मूल होण्यासाठी उपयोगी मानली जाणारी. राहेलला अजून मूल नाही, ती मागते. लेआ उसळते, नवरा घेतलास तो कमी झाला, आता पोराची फळंही? शेवटी सौदा ठरतो: फळांच्या बदल्यात आजची रात्र लेआची. संध्याकाळी याकोब शेतावरून येताना लेआ त्याला वाटेतच गाठते आणि सांगते, आज माझ्याकडे यायचं, मी मोल दिलंय.

वाहिनीवाल्यांना हा प्रसंग नको असतो, बाई हलकी वाटते म्हणे. मला उलटं दिसतं. लग्नाच्या रात्री तिला बापाने नेऊन सोडलं होतं. इथे ती स्वतःच्या पायांनी चालत गेलीय.