तिबोटी खंड्या: पावसाळी नोंदींचा पुढचा हप्ता

रायगडचा जिल्हा पक्षी म्हणून तिबोट्याचे फोटो सगळीकडे फिरतात, पण जंगलात तो दिसण्याआधी ऐकूच येतो. यंदा कर्नाळ्याच्या बाजूला तेवढं एक बऱ्यापैकी जमू लागलंय. बारीक, टोकदार शीळ, बहुतेक वेळा उडतानाच. ती कानावर पडली की झाडाच्या शेंड्याकडे बघू नका. हा गडी ओढ्यावरून अगदी खालून सुसाट जातो आणि दाट सावलीतल्या एखाद्या वाकलेल्या काटकीवर बसतो. बसला की डोकं वर-खाली करतो. त्या हालचालीनेच सापडतो.

लांबी जेमतेम 13 सेंमी, म्हणजे चोच वगळली तर उरतं काय! ओढ्यावरच्या छोट्या खंड्याशी गल्लत होऊ नये म्हणून आधी चोच बघावी. छोट्याची चोच काळी (मादीची खालची बाजू तांबूस), याची पूर्ण लालभडक. पोट पिवळं, डोक्यावर नारिंगीत जांभळी झाक, पंख गडद निळे. पायाची तीन बोटं मोजायची हौस मात्र फोटो मोठा करूनच भागवा. पावसाळा सरत आला की नवी पिल्लं गोंधळात टाकतात: रंग फिके, पोट पांढुरकं, चोचही मळकट. तेव्हा शीळ आणि आकार यांवरच भिस्त.

खाण्याच्या बाबतीत हा नावापुरताच मासेमार. सापसुरळ्या, कोळी, नाकतोडे, छोटे खेकडे, बेडक्या असं सगळं चालतं. सापसुरळी फांदीवर डावी-उजवी आपटून ढिली केल्याशिवाय पुढचं काम नाही. मग चोचीत तिचं डोकं कुठल्या बाजूला आहे ते बघा. बाहेरच्या बाजूला असेल तर घास पिल्लासाठी, म्हणजे बीळ जवळच.

कोकणात हा जूनच्या पावसाबरोबर येतो. भिजून मऊ झालेल्या दरडीत नर-मादी दोघं मिळून बीळ कोरतात. ते मीटरभर खोल जाऊ शकतं. सतराएक दिवस अंडी उबवणं, पुढे वीसेक दिवस पिल्लांची सरबराई. याच काळात बिळासमोरच्या फांद्या छाटून ‘क्लीन फ्रेम’ मिळवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आडोसा गेला की बीळ साप-मुंगसांना उघडं पडतं. मी लांबून, फ्लॅशशिवायच फोटो घेतोय. निम्मे धूसर येतात, येऊ देत.

आता पिल्लांना काय-काय भरवलं जातं त्याची वेळेनुसार यादी करायला घेतली आहे. कुणाकडे अशा नोंदी असतील तर जुळवून बघू, फक्त बिळाची नेमकी जागा उघड करू नका.