भट्टी कुठे होती?

मराठी पर्यटकांच्या गटांबरोबर मी अनेक वर्षे ग्रीसला जाते. अथेन्समध्ये सर्वांची ओढ अक्रोपोलिसकडे असल्यामुळे अगोरा या प्राचीन बाजारचौकाच्या कडेला, टेकडीवर उभ्या असलेल्या हिफायस्टोसच्या मंदिराला आमच्या कार्यक्रमात जेमतेम अर्धा तास मिळतो. त्या दिवशी मात्र आम्ही तिथे बराच वेळ रमलो, कारण गटात पुण्याच्या तांबट आळीत आयुष्यभर मठारकाम, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचे काम, केलेले एक काका होते.

इ.स.पू. ४४९च्या सुमारास बांधकामाला आरंभ झाला, समोर ६ आणि बाजूला १३ खांब आहेत, डोरिक या साध्या ग्रीक शैलीचे, पुढे शतकानुशतके इथे चर्च असल्यामुळे वास्तू इतकी शाबूत राहिली, हे मी सांगितले. हिफायस्टोस हा अग्नीचा आणि धातुकामाचा, पायाने अधू असलेला देव, त्याच्याबरोबर इथे अथीनाही पुजली जाई, ती कारागिरीची देवता म्हणून, आणि गाभाऱ्यात दोघांच्या काशाच्या मूर्ती होत्या, असे म्हणताच काकांनी विचारले, "ताई, मग भट्टी कुठे होती?"

हा प्रश्न मला आजवर कोणीही विचारला नव्हता. या टेकडीच्या उतारावर उत्खननात ओतकामाचे खड्डे सापडले आहेत, हे मला ठाऊक होते. पण मी ते कधीच सांगत नसे, याची त्या क्षणी फार खंत वाटली. खड्डा कशासाठी, हे मग काकांनीच सर्वांना समजावले: साचा जमिनीत पुरून भोवती माती ठासली, की वितळलेल्या धातूच्या दाबाने तो फुटत नाही, आणि साच्यात जरा जरी ओल राहिली, तरी धातू उसळून माणसे भाजतात. "हे ओताऱ्यांचे काम," ते म्हणाले, "आम्ही तांबट ठोकून घडवतो. पण आगीपुढची शिस्त दोघांची एकच."

शरद ऋतूत अथेन्सचे कारागीर याच दोन देवतांसाठी खाल्केया नावाचा सण पाळत, हे मी सांगितले, तेव्हा काका चटकन म्हणाले, "म्हणजे त्यांची खंडेनवमीच की!"

देव अधू का, हेही त्यांनी विचारले. प्राचीन तांब्यात मिसळलेल्या सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या, विषाने धातुकारांचे हातपाय लुळे पडत असावेत, असा एक तर्क आहे. तो ऐकून ते काही वेळ गप्प राहिले.

निघताना त्यांनी माझ्या हाती फोन दिला आणि म्हणाले, "मंदिर मागे येऊ द्या, पण टेकडीचा उतार दिसला पाहिजे. घरी मुलांना तोच दाखवायचा आहे."