बाबांवर लिहायला बसले तेव्हा

बाबा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी सगळे एकत्र जमणार होते. तिथे दहा मिनिटं त्यांच्याबद्दल कुणीतरी बोलावं असं ठरलं, आणि घरात लिहिण्याची सवय मला म्हणून ते काम माझ्याकडे आलं. शिवाय नातवंडांसाठी चार पानं लिहून ठेवायची होती. मला वाटलं, एका संध्याकाळचं काम आहे. वडील माझेच, माहिती सगळी मलाच.

पहिला मसुदा खरंच एका संध्याकाळी झाला. "अतिशय कष्टाळू, कुटुंबवत्सल, मितभाषी. आपल्या माणसांसाठी आयुष्यभर झिजले." दादाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "छान आहे. नाव बदललं तर कुणालाही चालेल."

राग आला, पण त्याचं बरोबर होतं. अख्ख्या पानात बाबा कुठेच नव्हते. 38 वर्षं लेथ मशीनवर, म्हणजे लोखंड फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, उभा राहिलेला माणूस, आणि मला त्या मशीनबद्दल एक वाक्य लिहिता येत नव्हतं.

मग लोकांना विचारायला लागले. तिथेही आधी चुकले. "बाबा कसे होते?" असं विचारलं की समोरचा माणूस विशेषणंच देतो, आणि तीही आपण आधीच लिहिलेली. काकांनी तर माझंच वाक्य मला परत ऐकवलं. दोन दिवसांनी प्रश्न बदलला: कामावरून घरी आल्यावर बाबा पहिल्यांदा काय करायचे?

आईने विचार न करता सांगितलं, "दाराबाहेर बसून बुटांचे तळ बघायचे." लेथवर लोखंड कापताना जे धारदार, पिळलेले तुकडे पडतात ते बुटांच्या तळात रुतून बसायचे. आम्ही दोघं रांगत्या वयाची होतो तेव्हापासून बाबा पकडीने एकेक तुकडा उपटून, कागदात गुंडाळूनच आत यायचे. पुढे आम्ही कॉलेजात गेलो तरी ते चालूच होतं. मी ते हजार वेळा पाहिलं असेल. पण मला वाटायचं, हा माणूस आत यायला उगाच उशीर करतो.

आईशी बोलताना मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, तिला विचारून. लिहून घेत बसलं की समोरचा आपल्या पेनकडे बघून सावकाश, नीटनेटकं बोलायला लागतो. फोन विसरला जातो. आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा "बरं, चल" म्हटल्यानंतर येते, त्यामुळे फोन लगेच बंद करायचा नाही, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं.

"कुटुंबवत्सल" या शब्दावर मात्र आई हसली. म्हणाली, "ह्यांना माझ्याशी बोलायला वेळ कधी होता? मी हौसेने अंगठी केली, ती एक दिवस कामावर घालून गेले नाहीत." ही तक्रार आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आठवड्याभराने बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांना भेटले तेव्हा सहज ती गोष्ट निघाली. ते म्हणाले, "अगं, लेथवर अंगठी? अंगठी नाही, हातमोजे नाहीत, सैल बाही नाही. फिरत्या जॉबने, म्हणजे कापायच्या तुकड्याने, काहीही पकडलं तर तो हात आत ओढतो." घरी येऊन आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग मला सांगायचं ना तसं." हे मी जसंच्या तसं लिहिलं. मितभाषी असण्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही, आणि ते कौतुक आहे की तक्रार, हे आईने अजून ठरवलेलं नाही.

याच सहकाऱ्यांनी आणखी एक सांगितलं. ड्रॉइंगमध्ये मापाला जेवढी सूट दिलेली असते, तेवढी बाबा वापरायचेच नाहीत. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीवर, 0.02 मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तरी चालणार असायचं, पण ते पुन्हा मोजायचे. मला आमच्या गणिताच्या वह्या आठवल्या. त्यांचं हे पुन्हा मोजणं आम्हा मुलांना अगदीच सुखाचं होतं असं नाही.

फोटोंनी वेगळाच गोंधळ घातला. आमचे जुने अल्बम चिकट पानांचे, वरून प्लास्टिक असलेले. फोटो इतके घट्ट बसले होते की ओढले असते तर फाटले असते. काही दात साफ करायच्या दोऱ्याने खालून सावकाश सोडवले, बाकीचे पानावर असतानाच मोबाइलने टिपले. सुटलेले 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन केले आणि मागे मऊ पेन्सिलीने माहिती लिहिली. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

त्यातल्या एका फोटोत तरुण बाबा मांडीवर बाळ घेऊन बसलेत. दादाच्या मते ते बाळ म्हणजे तो स्वतः. काकाही म्हणाले, 1979-80 चा असेल. स्कॅन मोठा करून पाहिला तर मागच्या भिंतीवर कॅलेंडर: फेब्रुवारी, पहिली तारीख रविवारी, आणि शेवटची 29. असा फेब्रुवारी 1976 मध्ये आला होता. त्याच्या आधीचा थेट 1948 चा. दादाचा जन्म 1978 चा. चाळीस वर्षं त्याने ज्या बाळावर हक्क सांगितला ते आत्याचं निघालं. जुन्या घटना आहेत त्यापेक्षा अलीकडे घडल्यासारख्या वाटणं हे माणसाच्या स्मरणशक्तीचं नेहमीचंच आहे. तरी दादा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

आणखी एक लक्षात आलं. बाबांच्या वयाची माणसं जे सांगत होती ते जवळजवळ सगळं त्यांच्या तरुणपणाचं. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं, असं अभ्यासक सांगतात. त्यामुळे माझ्या कागदावर बाबा तिशीतच थांबले होते. निवृत्तीनंतरचे बाबा मला नातवंडांकडून घ्यावे लागले. भाच्याने सांगितलं, "आजोबा सायकल दुरुस्त करून देत नव्हते. मला पाना द्यायचे आणि बघत बसायचे."

माझी स्वतःची तक्रार मी सगळ्यात शेवटी काढली. बाबा माझ्या शाळेच्या कार्यक्रमाला कधीच आले नाहीत, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्यांच्या खिशातल्या छोट्या डायऱ्या आईने जपून ठेवल्या होत्या. त्यांत भावना वगैरे काही नाहीत. फक्त पाळीची अक्षरं, स, दु, रा, आणि क्वचित चार शब्द. 1990 च्या डायरीत माझ्या वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी लिहिलं होतं: "रा. नंतर शाळा. तिसरी आली." म्हणजे रात्रपाळी करून, न झोपता, ते तिथे आले होते. मला ते अजिबात आठवत नाही. आजही नाही. मी डोळे मिटून ती शाळा उभी करते, त्यात बाबा येत नाहीत.

पुढच्या वर्षीची डायरी काढली. त्याच स्पर्धेच्या तारखेला "दु. ओव्हरटाइम", बाकी काही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. म्हणून मजकुरातून फक्त "कधीच" हा शब्द काढला. तक्रार ठेवली.

काय वगळायचं यावर घरात बरीच वादावादी झाली. बाबांचा राग लिहायचा नाही असं दादा म्हणत होता. आई म्हणाली, "लिही. नाहीतर मुलांना वाटेल कुणी दुसराच माणूस." राग राहिला. काकांशी चार वर्षं अबोला होता, तो मी गाळला. त्यातली बाबांची बाजू आता कुणी सांगू शकत नाही, आणि काका समोरच बसणार होते.

बोलण्याची तयारी मात्र कोरडी, तांत्रिक गोष्ट आहे. सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण 120 शब्द होतात, म्हणजे दहा मिनिटांना 1,200. घरात मोठ्याने चार वेळा वाचलं. मनातल्या मनात वाचून उपयोग नसतो, गळा कुठे दाटतो ते कळत नाही. माझा दर वेळी बुटांच्या ओळीवर दाटला. मोठ्या अक्षरातली एक प्रत दादाला दिली आणि मी थांबले तर तिथून पुढे त्याने वाचायचं ठरवलं. त्याची गरज पडली नाही. दादाला मात्र त्याच ओळीवर बाहेर जावं लागलं.

कार्यक्रम संपल्यावर तेच सहकारी जवळ आले. चांगलं झालं म्हणाले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "एक चूक आहे. 38 वर्षं लेथवर नव्हता तो. पहिली दोन वर्षं शेपर मशीनवर होता, माझ्या शेजारी."

बाबांनी हे ऐकलं असतं तर सगळं पुन्हा मोजायला लावलं असतं. घरी आल्यावर नातवंडांच्या प्रतीत 38 खोडून 36 केलं, आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: आधी 2 वर्षं शेपर.